मोअरबाथचे दप्तर

१

इंग्लंडच्या नैऋत्य भागातील डेव्हन प्रांताच्या उत्तर सीमेवर, एक्समूर नावाच्या माळरानाच्या दक्षिण कडेस, मोअरबाथ हे एक लहानसे खेडे आहे. सोळाव्या शतकात तेथे ३३ घरे होती आणि लोकवस्ती दीडशेच्या आसपास होती. जमीन चढउताराची, हवा पावसाळी, पीक बेताचे. लोकांचा मुख्य आधार मेंढरांवर. कोणत्याही मोठ्या लढाईमुळे वा तहामुळे हे गाव इतिहासाला ठाऊक झालेले नाही. तरी त्या शतकात इंग्लंडमध्ये जी धर्मक्रांती झाली ती सामान्य माणसाच्या बाजूने ज्याला समजून घ्यावयाची आहे, त्याला आज मोअरबाथचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. या मानाचे कारण एकच आहे. या गावच्या धर्मोपदेशकाने पन्नासहून अधिक वर्षे चर्चचा हिशेब लिहिला, आणि ती वही काळाच्या तडाख्यातून वाचली.

प्रस्तुत लेखात आम्ही या वहीचा, आणि तिच्या निमित्ताने चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमधील दप्तराचा, परिचय करून देऊ इच्छितो. इंग्लंडचा इतिहास आपण शाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो; परंतु तो बहुधा राजा, पार्लमेंट आणि आरमार यांचा इतिहास होता. त्या देशातील खेड्यांनी आपले कागद कसे ठेवले आणि त्या कागदांनी पुढे कोणती साक्ष दिली, हा भाग आपल्या अभ्यासात क्वचितच आला. आम्हांस तो आपल्या दृष्टीने अधिक उपयोगाचा वाटतो.

प्रथम पॅरिश म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एक चर्च, त्याचा एक धर्मोपदेशक, आणि त्या चर्चच्या कक्षेत राहणारी सर्व कुटुंबे मिळून पॅरिश होते. ही व्यवस्था रोमच्या धर्मपीठाच्या अमलातच उभी राहिली होती. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडून राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असे ठरविले, तेव्हा पॅरिशची घडी तशीच नव्या चर्चकडे आली. पुढे पॅरिशवर ऐहिक कामेही लादण्यात आली. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती आणि १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांचा सांभाळ ही जबाबदारी पॅरिशवरच होती. त्यामुळे चर्चमधील लाकडी पेटीत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी, चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या, गरिबांना दिलेल्या मदतीचे हिशेब आणि गावसभेचे ठराव असे नाना प्रकारचे कागद साठत गेले. आपल्याकडचे कुळकर्ण्याचे दप्तर, उपाध्यायाची वही आणि ग्रामदैवताचा हिशेब ही तिन्ही एकाच पेटीत ठेवली आहेत अशी कल्पना केली, तर इंग्लंडमधील पॅरिशच्या पेटीचे स्वरूप ध्यानात येईल.

२

मोअरबाथच्या धर्मोपदेशकाचे नाव सर क्रिस्टोफर ट्रिकी. ‘सर’ ही येथे सरदारकीची पदवी नव्हे. त्या काळी साध्या धर्मोपदेशकासही आदराने तसे म्हणत. ट्रिकी हा डेव्हनमधीलच. १५२० साली तो मोअरबाथला व्हिकर म्हणून आला आणि १५७४ मध्ये मरण पावेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, त्याच गावी राहिला. चर्चच्या हिशेबाची जबाबदारी रीतीप्रमाणे वॉर्डन म्हणून निवडलेल्या गावकऱ्यांवर असे. परंतु लिहिणे व्हिकरच्या हाती आले, आणि वर्षातून एकदा सर्व गावकऱ्यांसमोर तो हिशेब मोठ्याने वाचून दाखविणे हेही त्यानेच केले. हा मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ही वही कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेली नाही, ऐकविण्यासाठी लिहिलेली आहे. म्हणूनच तिच्यात नुसते आकडे नाहीत. कोणी काय दिले, कोणत्या कारणाने दिले, कोणाकडे काय येणे आहे, कोणत्या तंट्याची तोड कशी निघाली, हे सर्व बोलण्याच्या भाषेत सांगितलेले आहे.

चर्चचा कारभार कसा चाले ते या वहीवरून स्पष्ट दिसते. गावात एकच देवनिधी नव्हता, अनेक होते. मेरीमातेचा एक, संत सिडवेलचा एक, संत अँथनीचा एक, येशूच्या नावाचा एक, गावच्या तरुणांचा एक, अविवाहित मुलींचा एक, असे निरनिराळे निधी असत. प्रत्येकाचे वॉर्डन वेगळे आणि हिशेबही वेगळा. या निधींपैकी कित्येकांच्या मालकीची मेंढरे होती. ही मेंढरे एका जागी ठेवलेली नसत. ती निरनिराळ्या घरी एकदोन अशी वाटून दिलेली असत. ज्याच्या कळपात देवाचे मेंढरू चरे, त्याने वर्षाला त्याची लोकर द्यावयाची. लोकर विकून मेणबत्त्या घ्यावयाच्या आणि त्या संबंधित मूर्तीपुढे लावावयाच्या. एखादे मेंढरू मेले वा हरवले तर तेही वहीत लिहिले जाई. देवाची गुरे पाळण्याची, देवाच्या जमिनीचे उत्पन्न दिवाबत्तीस लावण्याची चाल ज्यांना परिचित आहे, त्या आपल्याकडील वाचकांस हे परके वाटणार नाही. याशिवाय चर्चच्या नावाने वर्षातून पेय गाळून मेजवानी होई व आसपासच्या गावचे लोक येत. तिच्या नफ्यातून डागडुजी होई.

या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वॉर्डनचे काम पाळीपाळीने बहुतेक सर्व घरांकडे येई. घरातील कर्ता पुरुष गेला असेल तर त्याची विधवा ते काम पाही. १५४८ मध्ये लूसी सीली या स्त्रीकडे मुख्य वॉर्डनचे पद होते. मुलींच्या निधीचा हिशेब मुलीच देत. गावच्या सार्वजनिक पैशाची जबाबदारी वाहण्याचे शिक्षण अशा रीतीने गावातील तरुणांना व तरुणींनाही मिळत असे.

तंटेही होतेच. चर्चमध्ये घंटा वाजविणे, विधीच्या वेळी व्हिकरला साहाय्य करणे यांसाठी एक सेवक असे. त्याचे वेतन घरटी नाण्यांत व धान्याच्या रूपाने दिले जाई. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर ते एक प्रकारचे बलुते होते. १५३६-३७ च्या सुमारास या बलुत्यावरून गावात मोठी कटकट झाली. काही घरे देण्यास तयार होईनात. शेवटी कोणी किती द्यावयाचे याचा करार झाला व तो ट्रिकीने सविस्तर वहीत उतरवून ठेवला. पैशाचे आणि मनाचे भांडण मिटल्याची नोंद करताना त्याचा हात सैल होतो आणि आनंद लपत नाही.

संत सिडवेल ही एक्सेटर शहराची लोकदेवता. जमिनीच्या लोभाने सावत्र आईने कापणी करणाऱ्यांकडून हिचा शिरच्छेद करविला, अशी तिची कथा आहे. ट्रिकीने गावी आल्यावर लौकरच तिची मूर्ती चर्चमध्ये बसविली आणि तिची भक्ती वाढविली. स्त्रियांनी आपल्या जपमाळा व लग्नाच्या अंगठ्या तिला वाहिल्या. जमलेल्या चांदीतून तिच्यासाठी पादत्राण घडविण्यात आले. गावातील मुलींची नावे सिडवेल अशी ठेवली जाऊ लागली. डेव्हनमधील या आडवळणाच्या गावात ट्रिकी हा कोणी मोठा पंडित नव्हता. परंतु आपल्या लोकांना काय प्रिय आहे हे जाणणारा आणि त्यांच्या प्रेमाचा पैन्‌पैचा हिशेब ठेवणारा माणूस होता.

३

या शांत व्यवहारावर लंडनहून एकामागून एक हुकूम येऊ लागले. ते मोअरबाथला कसे पोहोचले ते वहीत दिसते. १५३६ मध्ये लहान मठ बरखास्त झाले. मोअरबाथचे चर्च ज्याच्या अधिकारात होते तो बार्लिंच येथील मठही त्यांत गेला. १५३७ मध्ये त्या मोडलेल्या मठाची एक काचेची खिडकी मोअरबाथच्या चर्चला देणगी म्हणून मिळाली. राज्यातील एका महान उलथापालथीची नोंद या गावाने एका खिडकीच्या रूपाने केली आहे.

१५३८ मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने मूर्तींपुढे दिवे लावण्यास मनाई झाली. मेंढरे होती, लोकर होती, परंतु लोकरीच्या पैशातून जे करावयाचे तेच बंद झाले. निधींचे हिशेब हळूहळू आटत गेले. तरीही हेन्रीच्या हयातीत गावचा जुना संसार कसाबसा चालू राहिला. १५४७ मध्ये हेन्री मरण पावला आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला. कारभाऱ्यांनी सुधारणेचा वेग वाढविला. मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याकरिता ठेवलेले निधी कायद्याने सरकारजमा झाले. १५४८ मध्ये चर्चमधील सर्व मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम सुटला. मोअरबाथची देवाची मेंढरे विकली गेली. निधी बुडाले. ज्या मेजवानीच्या नफ्यावर चर्च शाकारले जात होते तीही थांबली. ज्या वहीत पूर्वी आठदहा निधींचे हिशेब दाटीवाटीने असत, तिच्यात आता वस्तू विकल्याच्या नोंदी येऊ लागल्या.

या काळातील एक नोंद वाचताना मन थांबते. मृतांसाठीच्या मिस्साच्या वेळी व्हिकरने घालावयाची काळी पूजावस्त्रे चर्चला असावीत, अशी ट्रिकीची फार जुनी इच्छा होती. त्यासाठी चर्चच्या मेंढरांच्या लोकरीवर त्याला मिळणारा स्वतःचा हक्क तो सुमारे वीस वर्षे बाजूला ठेवीत आला. दरवर्षी काही पेन्स जमत आणि त्याची नोंद होई. १५४७ मध्ये एकदाची ती वस्त्रे आली; आणि त्यानंतर थोड्याच काळात ज्या विधीसाठी ती घेतली होती तो विधीच बेकायदा ठरला. ट्रिकीने यावर एक शब्दही तक्रारीचा लिहिलेला नाही. वीस वर्षांच्या त्या लहान लहान रकमा एकाखाली एक वाचणाऱ्याला तक्रार ऐकू येते ती वहीच्या रचनेतून.

४

१५४९ साली नवा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सर्व चर्चमध्ये सक्तीचा झाला. ९ जूनच्या रविवारी तो प्रथम वाचला गेला आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी या गावी लोकांनी आपल्या धर्मोपदेशकास जुन्या पद्धतीने मिस्सा करावयास लावले. बंडाची ठिणगी पेटली. कॉर्नवॉलचे लोक त्यांना मिळाले. कॉर्निश ही आपली भाषा बोलणाऱ्या या लोकांची एक तक्रार अशी होती की, आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी समजतच नाही, मग इंग्रजीत प्रार्थना कशी करावी? सीमाभागातील आमच्या शिक्षकबंधूंना ही तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही. धर्माच्या जोडीला पोटाचेही कारण होते : त्याच वर्षी मेंढरांवर नवा कर बसविण्यात आला होता. बंडखोरांनी २ जुलैपासून ६ ऑगस्टपर्यंत एक्सेटरला वेढा दिला. त्यांचा एक तळ शहराबाहेर सेंट डेव्हिड्स डाउन या टेकाडावर होता. पुढे लॉर्ड रसेलच्या फौजेने, परदेशी भाडोत्री शिपायांच्या साहाय्याने, बंड मोडून काढले. हजारो माणसे मारली गेली. एक्सेटरजवळच्या सेंट थॉमसच्या व्हिकरला त्याच्या पूजावस्त्रांसह त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी देण्यात आले.

मोअरबाथच्या वहीत त्या वर्षीच्या हिशेबात पाच तरुणांची नावे आहेत : विल्यम हर्ली, थॉमस बॉरेज, जॉन टाइमवेल, क्रिस्टोफर मॉर्स आणि रॉबर्ट झेअर. सेंट डेव्हिड्स डाउनच्या तळावर जाण्यासाठी गावाने त्यांना शस्त्रे पुरविली आणि वाटखर्चास प्रत्येकी ६ शिलिंग ८ पेन्स दिले. १९०४ मध्ये रेव्हरंड अर्स्किन बिनी यांनी ही वही छापून प्रसिद्ध केली. परंतु त्या आवृत्तीत स्थळनामाचे वाचन चुकले होते आणि त्यामुळे ही नोंद कित्येक वर्षे अभ्यासकांच्या नजरेतून निसटली. केंब्रिजचे इतिहासकार ईमन डफी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द व्हॉइसेस ऑफ मोअरबाथ’ या ग्रंथात मूळ हस्तलिखितावरून ती पुन्हा वाचली. त्यांच्या वाचनानुसार हा खर्च सरकारी फौजेत पाठविलेल्या माणसांवरचा नव्हे. ३३ घरांच्या या गावाने आपली पाच मुले बंडखोरांच्या तळावर धाडली होती. एका अक्षरसमूहाच्या वाचनाने एका गावाची राजनिष्ठ म्हणून असलेली ओळख पुसली जाऊन तेथे बंडखोर गाव उभे राहते. मोडी कागद वाचणाऱ्यांनी आणि शिकविणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

आता खरा प्रश्न पुढे येतो. बंड मोडले, सरकारी माणसे गावोगाव फिरत होती, आणि हा एक कागद पुष्कळांच्या गळ्याला फास लावण्यास पुरेसा होता. मग ट्रिकीने तो लिहिला का, आणि लिहिल्यावर फाडून का टाकला नाही? आमच्या मते याचे उत्तर त्या वहीच्या वाचनाच्या रिवाजातच आहे. पैसा गावाचा होता. तो कोठे गेला हे गावासमोर वाचून दाखवावयाचे होते. ज्यांच्या घरून मुलगा गेला ते समोर बसलेले असणार. अशा सभेत खर्चाची एक रक्कम गाळून पुढे जाणे ट्रिकीस शक्य झाले नाही. त्याने आपल्या नोंदीत बंडाची बाजू मांडली नाही, की बंडाचा निषेध केला नाही. त्याने फक्त हिशेब दिला. इतिहासकाराला याहून अधिक विश्वसनीय साक्षीदार मिळणे कठीण.

५

१५५३ मध्ये एडवर्ड मरण पावला आणि रोमच्या धर्माची अभिमानी मेरी राणी झाली. वहीचा सूर पालटतो. ज्या वस्तू गावकऱ्यांनी एडवर्डच्या काळात आपापल्या घरी नेऊन ठेवल्या होत्या, त्या चर्चमध्ये परत येऊ लागल्या, आणि कोणी काय परत आणले ते ट्रिकीने कृतज्ञतेने लिहून ठेवले. परंतु हा काळ पाच वर्षांचाच ठरला. १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली. पुन्हा वेदी काढली गेली, पुन्हा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ आला. ट्रिकीने तोही स्वीकारला आणि त्याच चर्चमध्ये आणखी पंधरा-सोळा वर्षे काम केले.

इंग्लंडमध्ये बर्कशरमधील ब्रे या गावच्या व्हिकरची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. राजा बदलला की धर्म बदलावयाचा, पण ब्रेचा व्हिकर म्हणूनच मरावयाचे, असा त्याचा बाणा होता म्हणे. टॉमस फुलरने १६६२ मध्ये ती आपल्या ग्रंथात सांगितली आणि तेव्हापासून ‘ब्रेचा व्हिकर’ हा संधिसाधूपणाचा शब्द होऊन बसला. वरवर पाहता ट्रिकीही त्याच माळेतील मणी वाटतो. परंतु वही वाचल्यावर हा निर्णय देण्यास आमचे मन धजत नाही. चोपन्न वर्षांत त्याने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांचे विवाह लावले आणि त्यांच्या आईबापांना मूठमाती दिली. त्याची निष्ठा ज्या गोष्टीवर होती ती गोष्ट म्हणजे ही माणसे, हे गाव. मोठ्या तत्त्वासाठी प्राण देणारे हुतात्मे त्या काळी दोन्ही पक्षांत झाले आणि त्यांचे चरित्र वंदनीयच आहे. पण ज्यांनी प्राण दिले नाहीत, जे आपल्या माणसांबरोबर राहिले आणि जे मोडले त्यातून पुन्हा काही उभारीत गेले, अशांची संख्या सर्व देशांत आणि सर्व काळांत अधिक असते. त्यांचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो अशा वह्यांतूनच लिहावा लागतो.

येथे गोव्यातील वाचकांस एका समकालीनत्वाची आठवण होईल. ज्या वर्षांत मोअरबाथच्या मूर्तींपुढील दिवे विझत होते, त्याच सुमारास, १५४० नंतर, तिसवाडीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली आणि देवस्थानांच्या जमिनी दुसऱ्या कामी लावल्या. दोन्ही घटनांची कारणे व परिणाम वेगळे आहेत. त्यांची बरोबरी करणे योग्य होणार नाही. परंतु देवाच्या उत्पन्नावर उभे असलेले गावचे सामाजिक जीवन सत्तेच्या एका हुकुमाने कसे निराधार होते, हे मोअरबाथची वही जितक्या बारकाईने दाखविते तितक्या बारकाईने दाखविणारा कागद जगात कोठेही दुर्मिळच.

६

ट्रिकीची वही ही गावच्या रिवाजातून जन्मली. पॅरिशच्या पेटीतील दुसरे महत्त्वाचे दप्तर मात्र सरकारी हुकुमाने जन्मले आहे. १५३८ च्या ज्या आज्ञापत्राने मूर्तींपुढील दिवे विझविले, त्यातच क्रॉमवेलने असेही फर्माविले की, प्रत्येक पॅरिशने एक नोंदवही घ्यावी, तीत दर रविवारी त्या आठवड्यातील विवाह, बाप्तिस्मे व दफने वॉर्डनसमक्ष लिहावी, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली धर्मोपदेशकाकडे, दुसरी वॉर्डनकडे. चूक झाल्यास ३ शिलिंग ४ पेन्स दंड. लोकांना यात कराचा वास आला. १५३९ मध्ये सर पिअर्स एजकम याने डेव्हन व कॉर्नवॉलमधील हे भय क्रॉमवेलला पत्राने कळविले. तसा कर त्या वेळी बसला नाही. १५४० मध्ये खुद्द क्रॉमवेलचाच शिरच्छेद झाला. त्याने सुरू केलेली नोंद मात्र आजतागायत चालू आहे.

आरंभीच्या नोंदी कागदावर होत्या व कागद टिकेना. म्हणून १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आणि दरवर्षीच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठविण्याचा नियम झाला. नक्कल करताना जुन्या नोंदी निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून तरी घ्याव्यात असे म्हटले होते. कित्येक नकलनविसांनी त्या सवलतीचा फायदा घेतला आणि पहिली वीस वर्षे सोडून दिली. त्यामुळे शेकडो पॅरिशांच्या नोंदी १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात. आळसाने इतिहासाचे किती नुकसान होते याचा हा ठळक दाखला आहे. स्ट्रॅटफर्ड येथे २६ एप्रिल १५६४ रोजी शेक्सपिअरचा बाप्तिस्मा झाल्याची जी नोंद आज दाखविली जाते, तीही अशा चर्मपत्रावरील नकलेतील आहे. नाटककाराच्या जन्माची तारीख कोठेही लिहिलेली नाही. बाप्तिस्म्याची ही एक ओळ एवढाच आधार आहे.

पुढे राज्यकारभाराच्या प्रत्येक लहरीची छाया या वह्यांवर पडली. लोकरीच्या धंद्यास उत्तेजन म्हणून प्रेत लोकरी कापडातच पुरावे असा कायदा झाला आणि १६७८ पासून तशा प्रतिज्ञापत्रांच्या नोंदी होऊ लागल्या. १७५३ च्या कायद्याने विवाहाच्या नोंदीवर वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या आवश्यक ठरल्या; ज्याला लिहिता येत नसे तो फुली मारी. इंग्लंडमध्ये त्या काळी किती लोकांना सही करता येत होती याचे अनुमान विद्वानांनी या फुल्या मोजून बांधले आहे. १८१३ पासून छापील नमुने आले, आणि १ जुलै १८३७ पासून जन्ममृत्यूची मुलकी नोंदणी सुरू झाली. १९८१ मध्ये रिग्ली व स्कोफील्ड या दोघा अभ्यासकांनी ४०४ पॅरिशांच्या नोंदींवरून १५४१ ते १८७१ पर्यंतच्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास मांडला. ज्या हातांनी त्या ओळी लिहिल्या त्यांच्या स्वप्नातही असा उपयोग आला नसेल.

७

या दप्तरांचा सांभाळ सर्वत्र चांगला झाला असे मात्र नाही. ओल, उंदीर, आग, निष्काळजी हात यांनी इंग्लंडमध्येही पुष्कळ नाश केला. १९७८ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने नियम केला की, शंभर वर्षांहून जुन्या नोंदवह्या व दप्तरे, रक्षणाची योग्य व्यवस्था नसल्यास, धर्मप्रांतासाठी नेमलेल्या दप्तरखान्यात जमा करावी. मोअरबाथची वहीही आज एक्सेटर येथील दप्तरखान्यात आहे.

याच पद्धतीची एक शाखा आपल्या देशातही आली. कंपनी सरकारच्या धर्मोपदेशकांनी मुंबई इलाख्यात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवल्या; १७०९ पासूनच्या त्यांच्या प्रती लंडनला जात व आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईचे सेंट थॉमसचे चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. नंतरच्या काळात लष्करी छावण्यांतूनही अशा वह्या निर्माण झाल्या. त्यांत मुख्यतः गोऱ्या अंमलदारांची, शिपायांची व त्यांच्या बायकामुलांची नावे आहेत. तरी आपल्या शहरांच्या अभ्यासकाला साथीचे रोग आणि छावणीचे जीवन यांविषयी त्या पुष्कळ सांगू शकतील.

आणि आपले स्वतःचे दप्तर? राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले ते गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरील रुमाल सोडवून. परंतु राजवाड्यांच्या दृष्टीसमोर मुख्यतः राष्ट्राचा इतिहास होता. देवस्थानचा वार्षिक जमाखर्च, उत्सवाच्या वर्गणीच्या याद्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गोव्यातील गांवकारींचे जुने मराठी हिशेब, महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या समाजांच्या गणेशोत्सवांची व वाचनालयांची इतिवृत्ते, हे कागद अजून मोठ्या प्रमाणावर आपल्याच हाती आहेत. मोडी वाचणारे कमी झाले आणि वाळवी मात्र पूर्वीइतकीच उद्योगी आहे.

आम्ही शाळेतील माणसे. एका जनरल रजिस्टरातील एका ओळीसाठी पन्नास वर्षांनी माणूस शाळेच्या दारी येतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. त्या ओळीचे मोल ज्याला कळले त्याला गावच्या इतर कागदांचे मोल सांगावयास नको. आपल्या गावातील एका तरी देवळाची, मंडळाची वा वाचनालयाची जुनी वही शोधावी, तिची पाने मोजावी, मोडी असल्यास जाणत्याकडून वाचून घ्यावी, तिची एक नक्कल शाळेत व एक योग्य संग्रहालयात ठेवावी, एवढे काम एक शिक्षक दोन सुट्यांत करू शकेल. आणि आज ज्या संस्थांचे हिशेब आपण लिहीत आहोत ते लिहिताना रक्कम कोणाची, कशासाठी व कोणी दिली हे नाव घेऊन लिहावे, आणि वर्षअखेरीस सभासदांपुढे मोठ्याने वाचावे. मोअरबाथच्या व्हिकरने याहून वेगळे काही केले नव्हते.